तिकडे १२, इकडे १८: मग खरं काय?

ताई,

माझी मुलगी साडेपंधरा वर्षांची आहे. परवा तिने मैत्रिणींबरोबर लॅपटॉपवर एक सिनेमा पाहिला. आपल्याकडे त्यावर १८ वर्षांवरील असा शिक्का आहे. शरीरसंबंधाची दोन-तीन दृश्यं आहेत, थोडी नग्नताही आहे. मला हे कळलं तिच्या ११ वर्षांच्या भावाकडून. त्यानेही दारात उभं राहून थोडंफार पाहिलं असणार. मी रागावले, तर तिने शांतपणे मोबाइल माझ्यापुढे धरला. हाच सिनेमा फ्रान्समध्ये १२, स्वीडनमध्ये १५. "तिकडची माझ्याएवढी मुलगी थिएटरात जाऊन बघते. मी काय वेगळी आहे?" मला उत्तरच सुचलं नाही.

तिचे बाबा म्हणतात, सगळ्याला कुलूप लावा, विषय संपला. ते मला पटत नाही, आणि 'बघ बाई काय बघायचं ते' असंही म्हणवत नाही. घरात सगळे मिळून काही बघत असताना तसला सीन आला, की हे खोकतात, मी पाणी आणायला उठते आणि मुलं मोबाइलमध्ये डोकं घालतात. नक्की कुठला आकडा खरा मानायचा?

— निरुत्तर झालेली आई

*

ओरडा बसल्यावर आदळआपट न करता जी मुलगी आकडे काढून समोर ठेवते, तिच्याशी बोलता येतं. तेव्हा निम्मं काम झालेलं आहे. फक्त तिने माहिती अर्धीच काढली आहे.

तिने दाखवलेल्या स्वीडनचंच बघा. तिथे सिनेमांना चार पायऱ्या आहेत: सर्वांसाठी, ७, ११ आणि १५. त्याच्या वर काही नाही, १८ चा शिक्का तिथे अस्तित्वातच नाही. म्हणजे मोठ्या माणसांसाठी काढलेला सिनेमा स्वीडनमध्ये १५ च्या खान्यात दिसला, तर तो पंधरा वर्षांच्या मुलीसाठी योग्य आहे असा निवाडा कुणी दिलेला नसतो. त्याच्या वर खानाच नाही, म्हणून तो तिथे आहे. हे लेकीला सांगा. तिला वाद घालायला आवडतं असं दिसतंय, हा मुद्दाही आवडेल.

फ्रान्समध्ये १२, १६ आणि १८ अशा पायऱ्या आहेत. शरीरसंबंधाचं दृश्य आहे एवढ्याच कारणाने तिथे सिनेमा वर ढकलला जात नाही, हे खरं आहे. जर्मनीत १२ नंतर १६, मग १८. ब्रिटनमध्ये १५ म्हणजे १५. चौदा वर्षांचा मुलगा आई-बाप दोन्ही बाजूंना घेऊन आला तरी आत सोडत नाहीत. अमेरिकेत आर शिक्क्याच्या सिनेमाला १७ वर्षांखालचं मूल पालकांबरोबर जाऊ शकतं. आपल्याकडे ए म्हणजे १८ पूर्ण. इथे पालकांच्या सोबतीची सवलत नाही, तुम्ही स्वतः हात धरून नेलंत तरी नाही. दोन देशांचे आकडे शेजारी ठेवले की ते एकाच मापाचे वाटतात. पण एका ठिकाणी तो आकडा बंदी असते, दुसरीकडे 'मोठं माणूस बरोबर असू द्या' अशी सूचना, तिसरीकडे नुसता सल्ला.

शिवाय आकडा ठरवणारा प्रत्येक जण वेगळा प्रश्न विचारतो. स्वीडनमधली माणसं विचारतात, हे बघून या वयाच्या मुलाच्या मनाला इजा होईल का? मग भीती आणि मारझोडीला जास्त वजन येतं, नुसत्या उघड्या अंगाला कमी. अमेरिकेत १९६८ पासून चालू असलेल्या पद्धतीत आकडा ठरवतात ते स्वतः पालक असलेले लोक, आणि त्यांचा प्रश्न असा, की आपल्या देशातल्या बहुतेक पालकांना काय वाटेल? १९८४ मध्ये त्यांनी १३ ची पायरी आणली. तिचा एक नियम मला नेहमी गमतीचा वाटतो. एक ठरावीक जहाल शिवी रागाच्या भरात एकदा दिली तर तेराला चालते. तोच शब्द एकदाच, पण त्याच्या मूळ लैंगिक अर्थाने आला, तर सिनेमा वरच्या खान्यात जातो. गोळीबार मात्र त्याच तेराच्या खान्यात बऱ्यापैकी सुखाने चालू असतो.

आकडे काळाप्रमाणेही सरकतात. ब्रिटनच्या मंडळाने २०२४ मध्ये नवे निकष आणले. त्याआधी सुमारे बारा हजार लोकांना विचारलं होतं. बारा आणि पंधराच्या सीमेवरच्या लैंगिक दृश्यांबाबत कडक व्हा, असं लोकांचं म्हणणं पडलं, तेव्हा त्यांनी ती सीमा घट्ट केली. आपल्याकडे १९५२ चा कायदा. १९८३ पर्यंत सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी यू आणि ए असे दोनच शिक्के होते. मग यूए आला, पण त्यात पालकांना सावध केलं होतं ते १२ वर्षांखालच्या मुलांसाठी. बारा ते अठरा हा अख्खा टप्पा, ज्यात मुलाचं मूल राहत नाही, तो कायद्याच्या दृष्टीने एकसारखाच होता. श्याम बेनेगल यांच्या समितीने २०१६ मध्ये यूएचे वयानुसार भाग करा असं सुचवलं, आणि २०२३ च्या दुरुस्तीने ७, १३ आणि १६ असे तीन भाग झाले. त्या दुरुस्तीतली एक गोष्ट फार पालकांना ठाऊक नसते. यूएच्या पुढचा हा आकडा पालकांनी विचारात घेण्यासाठी आहे, दारावरच्या माणसाने अडवण्यासाठी नाही. तुमची मुलगी यूए १६ सिनेमाला जाईल की नाही, हे कायद्याने तुमच्याच हातात ठेवलं आहे.

ओटीटीचा हिशेब आणखी निराळा. तिथे सेन्सॉर बोर्ड येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्या कंपन्या स्वतःच वयोगट ठरवतात, १३ आणि त्यावरच्या शिक्क्यांना पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय द्यावी लागते, आणि ए शिक्क्याला वय तपासण्याची. सिनेमा सुरू होण्याआधी त्यात काय आहे याची एक ओळही त्यांनी दाखवायची असते: लैंगिक दृश्यं, हिंसा, शिवीगाळ, अमली पदार्थ. आपण ती ओळ 'स्किप' म्हणून उडवतो. वयाच्या आकड्यापेक्षा मला ती ओळ अधिक कामाची वाटते. नेदरलँड्समध्ये तर २००१ पासून वयाच्या जोडीला छोटी चित्रंच छापतात. कोळी म्हणजे भीती, मूठ म्हणजे मारझोड, तसंच लैंगिक दृश्यांसाठी वेगळं चित्र. बघणाऱ्याला चटकन कळतं, की सोळा कशामुळे.

तर, कुठला आकडा खरा? तुम्ही ज्या देशात राहता तिथला कायदा पाळायचा. त्यापलीकडे खरा-खोटा असा काही निकाल नाही.

आता मला जे सांगायचंय ते. हे सगळे आकडे प्रामुख्याने मोजतात काय? किती दिसलं, किती वेळ दिसलं, किती जवळून दिसलं. बलात्कार, जबरदस्ती यांची नोंद मंडळं घेतात आणि त्याला वरचा आकडा देतात, हे मान्य. पण जबरदस्ती जेव्हा प्रेमाचे कपडे घालून येते तेव्हा? नायक तीन गाणी मुलीच्या मागे हिंडतो. ती नको म्हणते, तो हसतो. तिची वाट अडवतो, तिच्या घरासमोर तळ ठोकतो, मित्र टाळ्या पिटतात आणि चौथ्या गाण्यात ती त्याच्या मिठीत असते. यात एक इंचही जास्तीचं अंग दिसत नाही. असले सिनेमे वर्षानुवर्षं आपण आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत एकत्र बसून पाहत आलो. तेव्हा तुमचे 'हे' खोकत नाहीत.

दोन माणसं एकमेकांना विचारून, आदराने जवळ येतात आणि कॅमेरा तिथेच थांबतो, त्याला १८. पंधरा वर्षांची मुलगी या दोन्हींतून काय शिकते, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १८ वाल्याचा शिक्का काढा असं मी म्हणत नाही. पण तेवढ्यावर नजर ठेवून बसलो तर पहिला सिनेमा कसलीही तपासणी न होता घरात येतो, आणि लेकीला शिकवून जातो की 'नाही' म्हटल्यावरही मुलगा मागे लागला तर ते प्रेम.

पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण एक धास्ती त्यामागे दिसते: हे बघून ती तसं काही करेल का? अमेरिकेत २००४ मध्ये १२ ते १७ वयाच्या १,७९२ मुलामुलींचा वर्षभराच्या अंतराने अभ्यास झाला. टीव्हीवर लैंगिक विषय जास्त पाहणाऱ्यांमध्ये लवकर संबंध सुरू होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि पालकांत घबराट झाली. २०११ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी अशाच एका जुन्या अभ्यासातली माहिती पुन्हा तपासली. असलं बघण्याकडे मुळात कुठली मुलं वळतात, याचा हिशेब त्यांनी नीट धरला, तर तो परिणाम उरलाच नाही. भांडण मिटलेलं नाही. मी माझ्यापुरतं यातून एवढंच घेते, की एका सिनेमाने मुलगी बिघडत नाही.

आणखी एक पाहणी मला जास्त उपयोगाची वाटते. एका लोकप्रिय अमेरिकी मालिकेत निरोध वापरूनही दिवस गेल्याचा एक भाग होता. तो पाहिलेल्या मुलांना नंतर विचारलं, तेव्हा ज्यांचं घरात मोठ्या माणसाशी त्याबद्दल बोलणं झालं होतं, त्यांच्या लक्षात निरोधाची माहिती जास्त नीट राहिली होती. दृश्य तेच, मालिका तीच.

म्हणून आता हा सिनेमा आधी तुम्ही दोघांनी बघा. मुलं झोपल्यावर, फॉरवर्ड न करता. न बघता त्यावर बोललात तर पहिल्या वाक्यातच ती तुम्हाला पकडेल. बघताना स्वतःवरही थोडं लक्ष ठेवा. २०१४ मध्ये एक हजार पालकांना लैंगिक आणि हिंसक दृश्यांचे छोटे तुकडे एकामागून एक दाखवले गेले. लैंगिक दृश्याचा पहिला तुकडा पाहून ते म्हणाले, हे साधारण १७ वर्षांच्या मुलाला चालेल. शेवटच्या तुकड्यापर्यंत येता येता तेच पालक १४ वर आले. नजर मरते, ती अशी. आकडा ठरवणाऱ्यांची मरते, तुमची-माझी मरते, आणि मैत्रिणींच्या घोळक्यात रोज काही ना काही बघणाऱ्या मुलीची तर आधीच मरते.

मग लेकीशी बोला. समोरासमोर बसवून नको, त्याची उलटतपासणी होते. दोघी मिळून काही काम करत असताना, कपड्यांच्या घड्या घालताना, चालताना. "तुला तो सीन कसा वाटला?" असं विचारलंत तर "काही नाही" एवढंच उत्तर येईल. नेमकं विचारा. त्या दोघांपैकी कुणी कुणाला विचारलं का? तिला खरंच हवं होतं, की तो रागावेल म्हणून ती गप्प राहिली? दिवस राहतील, आजार होईल, याची काळजी कुणी घेतलेली दिसली? दुसऱ्या दिवशी तो तिच्याशी कसा वागला? उत्तरं तिने लगेच द्यायला हवीत असं नाही.

एक गोष्ट तिला बहुधा माहीत नसेल, ती सांगा. अलीकडे अशा दृश्यांच्या चित्रीकरणाला अनेक ठिकाणी एक खास माणूस असतो, इंटिमसी कोऑर्डिनेटर. हात कुठे ठेवायचा, कुठवर जायचं, काय अजिबात करायचं नाही, हे नट-नटीला आधी विचारून ठरवतात. नाचाच्या स्टेप बसवाव्यात तसं सगळं बसवलेलं असतं. म्हणजे पडद्यामागे स्पर्श विचारून होतो, आणि पडद्यावर मात्र कुणी कुणाला काही विचारताना दिसत नाही. या विसंगतीवर तुमच्या लेकीसारखी मुलगी अर्धा तास बोलेल.

'मी काय वेगळी आहे?' याचंही उत्तर द्यायला हवं. मी असं देईन: "तू वेगळी नाहीस. तिकडच्या मुलीला शाळेत, घरात शरीराबद्दल, संमतीबद्दल जे सांगितलं जातं, ते आम्ही तुला अजून सांगितलेलं नाही. ते राहिलंय, ते आम्ही करतो. तोवर १८ म्हणजे १८. यूए १६ असेल तर आधी मला सांग, काय आहे ते वाचू आणि ठरवू. बहुतेक वेळा मी हो म्हणेन." आणि खरंच हो म्हणा. साडेपंधरा आणि सोळा यांत सहा महिन्यांचं अंतर आहे, त्यावरून घरात युद्ध नको. अपवाद एकच, लैंगिक अत्याचार दाखवणारे सिनेमे. तिथे आकडा काहीही असो, आधी तुम्ही पाहा. मग एकत्र बघायचं की थांबायचं ते ठरवा.

बाबांच्या कुलुपाबद्दल. साडेपंधरा वर्षांच्या मुलीला कुलूप लावलंत तर ती मैत्रिणीच्या मोबाइलवर बघेल, किंवा चोरीचे सिनेमे ठेवणाऱ्या एखाद्या साइटवर जाईल. तिथे शिक्का नाही, आधीची ओळ नाही, आणि सिनेमाच्या चहूबाजूंनी ज्या जाहिराती उघडतात त्या सिनेमापेक्षा कितीतरी वाईट असतात. पॉर्न ही वेगळी गोष्ट आहे, तिला सिनेमाचे हे आकडे लागू होत नाहीत, आणि त्यावर वेगळं, सरळ बोलावं लागेल. या पत्रात ते कोंबत नाही.

पण कुलूप हवं आहे, आणि ते तुमच्या मुलासाठी. तुमच्या पत्रात तो दोन वाक्यांत येऊन गेला, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. साडेपंधरा वर्षांची मुलगी निदान वाद घालते. अकरा वर्षांच्या मुलाने दारातून काय पाहिलं, त्याचा त्याने काय अर्थ लावला, हे कुणी विचारलेलंच नाही. या वयात अशी दृश्यं कधी भांडणासारखी वाटतात, भीतीही वाटते. त्याला रागावू नका. एवढंच विचारा: "परवा ताईच्या लॅपटॉपवर तू जे पाहिलंस, त्यात काही विचित्र वाटलं का? काही विचारायचंय?" त्याने विचारलं तर जेवढं विचारलं तेवढंच, खरं सांगा. नाही विचारलं तर "कधीही विचार" म्हणून सोडून द्या. आणि बहिणीची बातमी आणल्याबद्दल शाबासकी देऊ नका. घरात एक हेर तयार झाला, की दुसरं मूल दार लावून घेतं.

त्याच्यासाठी ओटीटीवर वेगळं प्रोफाइल करा, वयाची मर्यादा लावा, मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन टाका. लेकीलाही सांगा, तुझ्यामुळे तो अडकला. लहान भाऊ घरात असताना दार बंद ठेवणं ही तिची जबाबदारी, आणि ही गोष्ट ती ऐकेल, कारण तिला मोठी म्हणवून घ्यायचंय.

राहिला तो सोफ्यावरचा प्रसंग. उठू नका. तुम्ही उठलात की मुलांना एवढंच कळतं, की या विषयावर आईशी बोलायचं नसतं. बसवत नसेल तर तसं म्हणा: "मला हे तुमच्याबरोबर बघायला अवघडतंय, पुढे नेते." हे मोकळेपणाने म्हणणारी आई मुलांना खोकणाऱ्या बाबांपेक्षा बरी वाटते. बसवत असेल तर बसा, आणि सीन संपल्यावर एखादं वाक्य टाका, जसं तुम्ही एरवी नायिकेच्या साडीवर किंवा खलनायकाच्या मिश्यांवर टाकता. "हिने याला काही विचारलं कसं नाही?" एवढंही पुरे.

आणि मुलाशी बोलायचं काम तुमच्याकडे घेऊ नका. कुलूप लावायचा उत्साह त्याच्या बाबांना आहे, तर पिन त्यांनी ठेवावा आणि अकरा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नांना उत्तरंही त्यांनीच द्यावीत.